फटफटीवरचा कॅमेरा

मंडळी, बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या रस्त्यावर घटकाभर उभे राहिलात तर हल्ली एक नवी वस्तू नजरेस पडते. पाचपन्नास फटफट्या जातात, त्यांत एखाद्या पोराच्या हेल्मेटवर काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी अशी काळी डबी बसवलेली असते. पारावरची म्हातारी माणसे विचारतात, "काय रे, डोक्याला बॅटरी बांधलीस का?" बॅटरी नव्हे, तो कॅमेरा आहे. त्याला ॲक्शन कॅमेरा म्हणतात. फटफटी धावत असते आणि तो समोरचा रस्ता, झाडे, माणसे, खड्डे सगळे टिपत जातो.

हा कॅमेरा निघाला समुद्राच्या लाटांवर. निक वुडमन नावाचा अमेरिकन तरुण २००२ साली ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी घेऊन खेळत होता. खेळता खेळता स्वतःचे फोटो काढता यावेत म्हणून त्याने मनगटाला कॅमेरा बांधायचा पट्टा तयार केला. त्यातून गोप्रो ही कंपनी उभी राहिली. २००४ साली तिचा पहिला कॅमेरा आला, तोही रिळाचा. आज त्या जातीचे कॅमेरे अनेक कंपन्या काढतात. वजन साधारण दीडशे ग्रॅम. साधा माल चार-पाच हजारांत मिळतो, नावाजलेला घ्यायचा तर तीस-चाळीस हजारांपर्यंत जावे लागते.

आता तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या घरात हे खूळ कशाला? पोरांची हौस म्हणाल तर ती आहेच. पावसाळ्यात ताम्हिणी, माळशेज, आंबेनळीच्या घाटात जाऊन धबधब्यांची चित्रे आणायची आणि घरी आजीला दाखवायची, यात वाईट काही नाही. जिने आयुष्यात घाट पाहिला नाही ती आजी पडद्यावर का होईना घाट उतरते. पण हौसेपलीकडे एक कारण आहे. या लेखाचा प्रपंच त्यासाठीच मांडला आहे.

आपली फटफटी हौसेची नाही. पहाटे अंधारात दुधाच्या किटल्या तिच्यावर जातात, भाजीची पोती जातात, मुले शाळेत जातात, बाळंतीण दवाखान्यात जाते. ऊसतोडीच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात. रात्री भरधाव जाणारी मोठी वाहने असतात. एखादे ठोकर देते आणि थांबत नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली तीस हजारांहून अधिक ठोकर देऊन पळून गेलेल्या वाहनांनी मारलेली होती.

यापुढचा हिशेब घरच्या सगळ्यांनी नीट समजून घ्यावा. ठोकर देणाऱ्या वाहनाचा पत्ता लागला नाही तर सरकारी योजनेतून भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूसाठी दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये आहे. पूर्वी ती फारच तुटपुंजी होती, मृत्यूला पंचवीस हजार आणि दुखापतीला साडेबारा हजार. त्यासाठीचा अर्ज महसुली अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांताकडे करायचा असतो. ही योजना आहे हेच अनेक घरांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

वाहनाचा नंबर हाती लागला तर मात्र गोष्ट निराळी. मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वाहनाच्या मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर दावा लावता येतो. तिथे गेलेल्या माणसाचे वय, कमाई आणि त्याच्यावर पोसली जाणारी तोंडे बघून रक्कम ठरते. तिशी-पस्तिशीतला कर्ता पुरुष गेला असेल तर ती दोन लाखांच्या कितीतरी पट होऊ शकते. मागे राहिलेल्या बाईला जमीन विकावी लागणार की नाही, मुलांची शाळा चालू राहणार की नाही, हे पाटीवरची चार-दोन अक्षरे आणि आकडे कोणी वाचले होते का यावर ठरते. मागून ठोकर देणारे वाहन पळते ते बहुतेक वेळा पुढेच. पुढे तोंड करून बसवलेला कॅमेरा चालू असला तर त्याची पाठ टिपली जाण्याची शक्यता राहते.

शक्यता म्हटले, खात्री नव्हे. या कॅमेऱ्याची काच फार रुंद बघते, त्यामुळे दूरची पाटी बारीक दिसते. नंबर वाचता येतो तो वाहन अगदी जवळ असताना. रात्री चित्र फरफटते आणि दिव्याच्या झोताने पाटी पांढरीफटक होते. दुकानदार काहीही सांगो, एवढी मर्यादा ध्यानात ठेवूनच पैसे मोजावेत.

आता कॅमेरा बसवायचा कुठे? पोरे सरळ हेल्मेटच्या टाळूवर बसवतात. चित्र चांगले येते हे खरे, कारण मान वळेल तिकडे कॅमेरा वळतो आणि गाडीचे हादरे अंगातच जिरतात. पण टाळूवर कॅमेरा म्हणजे मला पसंत नसलेली गोष्ट आहे. का, ते सांगतो.

हेल्मेटचे काम दोन थरांत चालते. बाहेरचे कडक कवच मार एका जागी न घेता सगळीकडे पसरवते. आतला थर दिसतो थर्माकोलसारखा, पण चांगला घट्ट असतो. आदळल्यावर तो स्वतः चेचला जातो आणि डोक्याला बसणारा धक्का पिऊन टाकतो. एकदा चेचलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात आदळलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद समजायचे. तिसरी गोष्ट म्हणजे त्याचा गुळगुळीत गोलवा. माणूस पडला की हेल्मेट डांबरावर गोट्यासारखे घसरत जायला हवे. त्यावर खुंटीसारखे काही उभे असेल तर ते रस्त्यात अडकते आणि मानेला हिसका बसतो. नाहीतर सगळा मार त्या एका बिंदूवर येतो. पसरवण्याचे जे काम कवचाकडे होते, तेच बिघडते.

त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी फिटरकडून हेल्मेटला भोक पाडून नट-बोल्टने पट्टी आवळून घेतात. बोल्टचे टोक कवटीकडे रोखलेले आणि कवच भोकाच्या जागी कमजोर झालेले. असे हेल्मेट घालण्यापेक्षा बुजगावण्याच्या डोक्यावर ठेवलेले बरे. कवच प्लास्टिकचे असेल तर पेट्रोल, थिनर, ऑइलपेंट आणि काही जातीचे गोंदही ते आतून ठिसूळ करतात. डोळ्याला काही दिसत नाही. तेव्हा हेल्मेट पुसायला पेट्रोलचे फडके कधीही घेऊ नका. साबणाचे पाणी पुरते.

मोटारींच्या शर्यतीत सात वेळा जगज्जेता ठरलेला मिखाएल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समध्ये मेरिबेल येथे बर्फावरून घसरताना खडकावर आदळला आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. कॅमेऱ्यामुळे इजा वाढली का, यावर पुष्कळ चर्चा झाली आणि छातीठोक उत्तर निघाले नाही. जिथे जाणकारही शपथेवर सांगू शकत नाहीत, तिथे आपण आपल्या पोराच्या टाळूवर प्रयोग कशाला करायचा?

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या १२९ कलमाप्रमाणे चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने मानकाप्रमाणे असलेले हेल्मेट पट्टा बांधून घातले पाहिजे. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी आयएसआय शिक्क्याशिवायचे हेल्मेट विकणेच बेकायदा आहे, जरी रस्त्याच्या कडेला ढीग दिसत असले तरी. हेल्मेटची घडण बदलली की ते मानकात राहिले का, हा प्रश्न उभा राहतो. याच मुद्द्यावर केरळच्या मोटार वाहन खात्याने २०२२ साली कॅमेरे लावलेल्या हेल्मेटवाल्यांवर कारवाई करण्याचे ठरवले. आपल्याकडे एखाद्या चौकीवरच्या साहेबाने असाच अर्थ लावला तर वाद घालायला तुमच्याजवळ कागद नसतो.

जाता जाता आणखी एक आकडा. २०२२ साली हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे दुचाकीच्या अपघातात गेली. त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. मागे कोण बसते? घरची लक्ष्मी, म्हातारी आई, कॉलेजला जाणारी मुलगी. पदर डोक्यावर आहे म्हणून हेल्मेट नको, असे म्हणणाऱ्या कितीतरी घरांत पोराच्या कॅमेऱ्याला मात्र पाच हजार निघतात. पाच हजारच असतील तर आधी दुसरे हेल्मेट घ्या, चांगले घ्या, आणि उरलेल्यात कॅमेऱ्याचे बघा. सूनबाईंनी हा परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

असो. टाळू सोडली तर जागा उरतात तीन. हनुवटी, छाती आणि गाडी.

तोंड पूर्ण झाकणारे हेल्मेट असेल तर हनुवटीसमोरची जागा टाळूपेक्षा बरी. चित्र डोळ्यांच्या जवळपासच्या उंचीवरून येते आणि वाऱ्याने मान मागे ओढली जात नाही. तिथे भोक न पाडता, कंपनीच्या दुहेरी टेपने किंवा हनुवटीभोवती गुंडाळायच्या पट्ट्याने कॅमेरा बसतो. जोराचा मार लागला की टेप सुटून कॅमेरा निघून जावा, हेच आपल्याला हवे. काच खाली-वर होताना अडता कामा नये आणि हवेची भोके बुजता कामा नयेत. अर्ध्या हेल्मेटला हनुवटीच नसते, तेव्हा त्याचा विचार सोडा.

छातीवर बांधायचा पट्टा मिळतो, बैलाच्या जोत्यासारखा दोन्ही खांद्यांवरून येणारा. आपल्या साध्या गाड्यांवर माणूस ताठ बसतो, म्हणून छातीवरून रस्ता बरा दिसतो. कॅमेऱ्याचे तोंड मात्र वर उचलून ठेवावे लागते, नाहीतर तासभर टाकी आणि मीटर यांचेच चित्र येते. गैरसोय अशी की पालथे पडलात तर ती कडक डबी थेट बरगड्यांच्या मध्ये रुतते. शेतातल्या कामाला हा पट्टा झकास आहे. द्राक्षाची छाटणी किंवा कलम बांधणे दोन्ही हात मोकळे ठेवून टिपता येते, आणि गड्याला शिकवायला तोंडी सांगण्यापेक्षा ते उपयोगी पडते.

माझे मत विचाराल तर रोजच्या वापराला कॅमेरा गाडीवरच बसवावा. हँडलच्या नळीवर, आरशाच्या दांड्यावर किंवा पुढच्या क्रॅशगार्डवर क्लॅम्पने तो बसतो. इथे शत्रू एकच, हादरा. आपल्या बहुतेक गाड्यांचे इंजिन एका सिलिंडरचे. तो एकच दट्ट्या धडधडतो आणि त्याची थरथर हँडलपर्यंत येते. कॅमेरा चित्र एकदम घेत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. वरची ओळ वाचली आणि खालची वाचेपर्यंत डबी हलली, की सरळ विजेचा खांब पाण्यातल्या सावलीसारखा नागमोडी दिसतो. उपाय घरात पडलेला आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापा, नळीवर दोन पदर गुंडाळा आणि त्यावर क्लॅम्प आवळा. कॅमेऱ्याचा दांडा जितका आखूड तितकी थरथर कमी. लांब दांडा म्हणजे वेळूचे टोक, बुंध्याला हात लावला तरी शेंडा हलायचाच.

मोबाइलच हँडलला अडकवून चित्रे घेणारे पुष्कळ आहेत. त्यांना सावध करतो. चांगल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात चित्र स्थिर राहावे म्हणून काचेचा भाग चुंबकांवर तरंगता ठेवलेला असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपल कंपनीने आपण होऊन जाहीर केले की मोटारसायकलच्या ताकदवान इंजिनाच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, आणि मोपेड-स्कूटरवरसुद्धा हादरा शोषणारा धारक वापरावा. ॲक्शन कॅमेऱ्यात बहुधा असा हलता भाग नसतो. तो चित्र घेतल्यावर हिशेबाने सरळ करतो. म्हणून हँडलवर तो टिकतो आणि मोबाइल टिकेल याचा भरवसा नाही.

बसवल्यावर गाडी उभी करून हँडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवून बघा. क्लचची वायर, ब्रेकची वायर कुठे अडकत नाही ना? पुढचा दिवा, सिग्नल, नंबरपाटी झाकली जात नाही ना? मग डबीला एक मजबूत दोरी बांधून तिचे दुसरे टोक गाडीच्या वेगळ्या भागाला बांधा. दोरी इतकीच ठेवा की डबी सुटून लोंबली तरी चाकापर्यंत पोचणार नाही. पहिल्या दहा-पंधरा मैलांनंतर स्क्रू पुन्हा आवळा, कारण रबर दबते आणि पकड ढिली होते.

टेप चिकटवायची तर घाई करू नका. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेलकट हात लागू देऊ नका. सपाट जागेला सपाट पट्टी आणि गोल जागेला गोल पट्टी अशा दोन वेगळ्या मिळतात, त्यांची अदलाबदल करू नका. सावलीत, फार थंडी नसताना चिकटवा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि एक दिवस, म्हणजे चांगले चोवीस तास, तशीच राहू द्या. सकाळी चिकटवून दुपारी घाटात गेलेल्यांचे कॅमेरे दरीत सापडतात. काढताना ओढाताण न करता केस वाळवायच्या यंत्राने हलके कोमट करून पक्क्या दोऱ्याने करवतीसारखे कापत काढा.

पाण्याचे म्हणाल तर नावाजलेले अनेक कॅमेरे दहा मीटर खोल पाण्यातसुद्धा चालतात, पण त्यांचे झाकण नीट बंद असले तरच. चार्जिंगची वायर लावायला झाकण उघडले की ती हमी संपली. बॅटरी चालत्या चित्राला तास-दीड तास पुरते. वैशाखात विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात गाडी उभी करून कॅमेरा चालू ठेवलात तर तो तापून आपोआप बंद पडतो. गाडी धावत असली की वाऱ्याने थंड राहतो. तेव्हा थांबलात की बंद करून सावलीत ठेवा.

चित्र साठते नखाएवढ्या कार्डावर. साध्या प्रतीचे चित्र सेकंदाला तीस मेगाबिट धरले तर तासाला साडेतेरा जीबी होतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर साडेचार तास. रोजच्या रस्त्याला एवढे खूप झाले. कार्ड भरले की सर्वांत जुने चित्र पुसून नवे भरत जाण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू ठेवा. आणि तारीख-वेळ पहिल्याच दिवशी बरोबर लावा. बॅटरी पार उतरली की काहींची तारीख चुकते, म्हणून आठवड्याला एकदा नजर टाका.

दोन गोष्टी तरुण मुलांना. कॅमेरा लावला की हात आपोआप ॲक्सिलरेटरकडे जातो, बघणाऱ्यांनी वाहवा करावी म्हणून. जे चित्र तुमची बाजू मांडायला ठेवले, तेच तुमचा वेगही दाखवते. ते पोलिसाच्या हाती गेले की समोरच्याचा वकील ते आधी वाचणार. दुसरी गोष्ट गावात शिरताना. पाणवठा, नदीवरचा धुणे धुण्याचा घाट, शेजाऱ्याचे अंगण इथून जाताना कॅमेरा बंद ठेवावा. वेशीपाशी बटण दाबण्याची सवय लावून घेतली की भांडणे होत नाहीत. पोरीबाळींना विचारल्याशिवाय त्यांचे चित्र कोणाला पाठवणे हा नुसता चावटपणा नाही, प्रसंगी गुन्हा होतो.

आणि अपघात झालाच तर? जखमी माणसाला आधी दवाखान्यात पोचवायचे, हे सांगायला नको. त्यानंतर कॅमेरा बंद करा, म्हणजे त्यावर नवे चित्र चढून जुने पुसले जाणार नाही. कार्ड काढून कागदी पाकिटात घाला. वर तारीख, वेळ, जागा लिहा आणि घरातल्या जबाबदार माणसाकडे द्या. व्हॉट्सॲपवर चित्र पाठवले की ते दाबून लहान केले जाते आणि पाटीवरचे आकडे पुसट होतात. तेवढ्यावर विसंबून मूळ कार्ड पुसू नका.

मूळ कार्डाचे महत्त्व आपल्या जालन्याच्याच एका खटल्याने साऱ्या देशाला सांगितले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता की नाही, हा तिथला वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण पुरावा म्हणून पुढे आले. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातला तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीला येऊन हजर केले तर वेगळ्या दाखल्याची गरज नाही, पण नुसती नक्कल दिली तर कायद्यातला दाखला जोडलाच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या ६३ व्या कलमात या दाखल्याची तरतूद आहे. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. ही कामे वकिलाकडून करून घ्यावीत, पण तो दाखला मागायला तुम्ही विसरू नका.

पोलिसांनी कार्ड किंवा कॅमेरा मागितला तर जरूर द्या, मात्र जप्तीच्या पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्या. कंपनीचे नाव, कार्ड किती जीबीचे, त्यावर काही क्रमांक असेल तर तो, सगळे लिहिलेले असावे. द्यायच्या आधी एक नक्कल संगणकावर उतरवून ठेवा, तालुक्याच्या कुठल्याही सेवा केंद्रात हे पाच मिनिटांचे काम आहे. दावा लावायला जाताना पंचनाम्याची प्रत, दवाखान्याचे कागद, गाडीचे आणि विम्याचे कागद, सात-बारा आणि दूध संघाच्या किंवा बाजार समितीच्या पावत्या बरोबर न्या. गेलेल्या किंवा जायबंदी झालेल्या माणसाची कमाई किती होती हे त्या पावत्यांवरून दाखवता येते.